रोडगे झटकायला दोघं लागतात

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी बायको बॅगेत स्वेटर कोंबताना म्हणाली, "तिथे जाऊन उगाच रडत बसू नकोस. त्यांना तुझ्यासाठी पाणी आणत बसावं लागेल." मी हसलो. तिचं म्हणणं किती खरं ठरणार आहे, हे तेव्हा कळलं नव्हतं.

मी पुण्यात एका महाविद्यालयात वाणिज्य शिकवतो आणि सुट्टीत कथा लिहितो. त्यातल्या एका कथेने मला थोडंफार नाव दिलं. वऱ्हाडातल्या एका खेड्यातले दोन पुरुष, त्यांचं एकमेकांवरचं प्रेम, अंधारात विहिरीच्या काठावर होणाऱ्या भेटी, आणि शेवटी त्यांतल्या एकाने त्याच विहिरीत घेतलेली उडी. वाचकांची पत्रं आली. सभांमधून लोक डोळे पुसत भेटले. संग्रहाच्या मलपृष्ठावर 'वऱ्हाडच्या मातीतली' असं छापून आलं. त्या मातीवर मी तोवर पाऊलही ठेवलं नव्हतं. पुरुषावर प्रेम करणारा एकही पुरुष माझ्या ओळखीचा नव्हता. वऱ्हाड मी निवडलं ते लांब होतं म्हणून, आणि मरण निवडलं ते सोपं होतं म्हणून. कथेत कुणी मेलं की ती आपोआप गंभीर वाटते, एवढं मला कळत होतं.

अमरावतीच्या एका हौशी नाट्यसंस्थेने त्या कथेची एकांकिका केली. ती एका स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचली आणि दिग्दर्शिकेचा फोन आला. "सर, आमच्यात थोडा वाद झाला आहे. शेवटावरून. तुम्ही आलात तर बरं होईल. फोनवर मिटणारा नाही."

बडनेरा आणि अमरावती

बडनेऱ्याला उतरलो तेव्हा सकाळचं ऊन पडलं होतं, तरी हवेत चांगलीच थंडी होती. वऱ्हाड म्हणजे उकाडा, अशी माझी ठाम समजूत. माझ्या कथेतली माणसं मार्गशीर्षातही घाम पुसत होती. स्टेशनबाहेर कानाला मफलर गुंडाळलेला रिक्षावाला म्हणाला, "बसा जी, अमरावतीले सोडतो," तेव्हा पहिली चूक इथेच सापडली, असं मनात आलं आणि मी बॅगेतलं स्वेटर काढलं.

दिग्दर्शिका वैशाली शाळेत गणित शिकवते. चाळिशीची, भराभर बोलणारी. तिने मला खोलीवर सामानही ठेवू दिलं नाही. आधी गिला वडा खायला नेलं. दह्यात भिजलेला गुबगुबीत वडा, वर लाल चटणी. पहिल्या घासाला गोडसर वाटला आणि दुसऱ्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

"तिखट लागलं का सर?"

"नाही, छान आहे."

"लागलं," ती वाढणाऱ्याला म्हणाली, "यांना दही टाका अजून."

पुण्यात पाहुण्याच्या खोटं बोलण्याला आपण मान देतो. इथे देत नाहीत, हे पुढे वारंवार अनुभवाला आलं.

तालीम शाळेच्या सभागृहात होती. कथेतला उडी मारणारा गोविंदा करत होता नितीन, अकोल्याचा, चाळिशीला आलेला. त्याचं फुलांचं दुकान आहे, घरची फुलशेती आहे आणि तालमीला तो आठवड्यातून दोनदा गाडीने येतो. दुसऱ्याची, म्हणजे गोविंदाच्या जोडीदाराची भूमिका राहुल करत होता. तो इथल्याच एका पतसंस्थेत कामाला, नुकतंच लग्न झालेलं. नितीनचा हात हातात घ्यायचा प्रसंग आला की राहुल सामना जिंकल्यासारखं हस्तांदोलन करी, आणि वैशाली कपाळावर हात मारी.

तालीम संपल्यावर आम्ही चौघं सभागृहातल्या बाकांवर बसलो. वैशालीने स्टीलच्या पेल्यांतून चिखलदऱ्याची कॉफी दिली. मग तिने विषय काढला. पहिल्या फेरीत शेवटच्या प्रसंगाला प्रेक्षक हुंदके देत होते. परीक्षकांनी त्याच प्रसंगाचं कौतुक केलं. आणि आता नितीन म्हणतो, मी उडी मारणार नाही. संहितेचा शेवट बदलायचा तर लेखकाची लेखी परवानगी लागते.

नितीन खाली बघत पेला फिरवत होता. "मॅडम म्हणते लोक रडले. रडले ना. अन् मग घरी जाऊन जेवले." मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "सर, यावेळी माही माय येऊन राहिली पाहायले."

मी मान हलवली.

"मी कोण आहे हे तिले माहीत असन, नसन. मी कधी सांगितलं नाई, तिनं कधी विचारलं नाई. अवधूत वकील माह्यासोबत राहते, हे तिले दिसते. तेवढ्यावर चाललं आहे आमचं. आता ती पहिल्यांदा असं काही पाहीन. अन् त्यात मी विहिरीत उडी टाकीन. मग काय समजन ती? की असं असलं की असंच होते. आमच्या वावरात विहीर आहे, सर. दुसऱ्या दिवशी ती त्या विहिरीवर जाळी टाकून घेईन अन् रोज संध्याकाळी मले शोधत फिरन."

राहुल बोटं मोडत होता.

"म्हणून मायसमोर मी मरत नाई," नितीन म्हणाला. "तुमी दुसरा शेवट द्या, नाहीतर दुसरा गोविंदा पाहा."

खरं तर तिथल्या तिथे हो म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "विचार करतो." त्या वाक्याची मला आजही शरम वाटते. खोलीवर आल्यावर मी विचार केला तो त्याच्या आईचा नव्हता. ज्या शेवटासाठी मला लोक ओळखतात तो गेला, तर माझं काय उरतं, याचा होता.

मूर्तिजापूरवरून

दुसऱ्या दिवशी नितीनच म्हणाला, "चला अकोल्याले. पाहुणे आले अन् घर न पाहता गेले, असं नाई होत." सकाळच्या गाडीत आम्ही समोरासमोर बसलो. दोन्हीकडे तुरीचं हिरवंपिवळं रान आणि मधे मधे वेचणीला आलेला पांढरा कापूस. मूर्तिजापूरला गाडी बराच वेळ थांबली. नितीनने खिडकीतून शकुंतलेचा रूळ दाखवला, पूर्वीची अरुंद छोटी गाडी, आता गवतात हरवलेली. "लहानपणी मायसोबत अचलपूरले गेलो होतो हिच्यातून. इतकी हळू चाले की माय खाली उतरून बोरं वेचून पुन्हा चढली असती. ती म्हणते की चढलीच होती. ते खोटं आहे."

त्या प्रवासात मी त्याला विचारलं, माझ्या कथेत त्याला काय खटकतं. शेवटाचं सोडून.

"राग नाई ना येणार?"

"नाही."

"तुमचे ते दोघं कधी जेवतच नाहीत, सर. पूर्ण कथेत. विहिरीवर भेटतात, रडतात, चंद्र पाहतात. भूक नाही लागत का त्यायले? भांडण नाही, हसणं नाही. आमी तर दिवसभर भांडतो. त्याले भाजीत गूळ लागते, मले चालत नाई. लग्नाच्या माणसासारखं चालते सगळं, फक्त लग्न नाई."

मी कथा पिशवीतून काढली आणि चाळली. तो म्हणाला ते खरं होतं. ते दोघं साधा चहासुद्धा पीत नव्हते.

अकोला

अकोल्याच्या फुलबाजारात झेंडूचे ढीग माणसाच्या छातीपर्यंत आले होते. शेवंतीच्या ओल्या वासाने डोकं जड झालं. गुरुवार असल्याने शेगावला जाणाऱ्यांची हारांसाठी गर्दी होती. नितीन बाजारात शिरला आणि तालमीतला गंभीर माणूस नाहीसा झाला. "काय बे, उसने डोळे घेऊन आला का? हे शेवंती हाये की कोथिंबीर?" असं तो एका व्यापाऱ्याला म्हणाला, आणि त्यानेही तितकंच सणसणीत उत्तर दिलं, ते मी इथे लिहीत नाही. मला वाटलं, आता भांडण होणार. दोघं हसून बिडी पेटवायला बाजूला गेले.

दुकानाच्या वरच्या मजल्यावर नितीन आणि अवधूत राहतात. अवधूत वकील आहे, इथल्या एका पुजाऱ्यांच्या घरातला. लहानपणी त्याने वडिलांबरोबर पूजा सांगितल्या आहेत, आता दिवाणी दावे चालवतो. शांत, नेटका, बोलणं कोर्टाच्या सवयीचं. घरात दोन खोल्या, एका भिंतीवर कायद्याची पुस्तकं आणि दुसऱ्या भिंतीवर हारांच्या जरीची रिळं. पुस्तकांच्या कपाटात माझा कथासंग्रह होता. त्यात पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या, माझ्या चुकांवर असणार असं मी धरून चाललो.

नितीन स्वयंपाकघरात पातोड्यांचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा करत होता. मी गाडीत मनाशी तयार केलेलं बोलायला सुरुवात केली. तुमचं आयुष्य मला माहीत नव्हतं, तरी मी ते लिहिलं. लोकांनी मला संवेदनशील म्हटलं. मी बायकामुलांत सुखात राहिलो आणि तुमच्यासारख्या माणसाला विहिरीत ढकलून शाबासकी घेतली. हे सांगताना माझा आवाज फुटला. अवधूत उठून पाण्याचा तांब्या घेऊन आला. त्या क्षणी मला बायकोचं वाक्य आठवलं.

मी पाणी पीत असताना अवधूत म्हणाला, "सर, माफीचा मसुदा चांगला आहे. पण दावा कुणी लावलेलाच नाही."

स्वयंपाकघरातून नितीन ओरडला, "समजावलं का त्याइले? इकडे रस्सा खाली लागून राहिला, तुमच्या रडण्याकडे कान देता देता!"

अवधूतने संग्रह काढला. चिठ्ठ्या चुकांवर नव्हत्या. त्याला आवडलेल्या वाक्यांवर होत्या. "मी लॉ कॉलेजला असताना हे हाती लागलं असतं, तर मी पुष्कळ आधी शांत झोपलो असतो," तो म्हणाला. "आपल्यासारखी माणसं मराठीत छापून येतात, एवढंच पुरे होतं मला. तुम्ही लिहू नये, असं मी कधीच म्हणणार नाही. आता पुढचं लिहा."

"मला पुढचं माहीत नाही," मी म्हणालो. "तुम्हीच लिहा ना शेवट. नाव तुमचं लावू."

नितीन पळी हातात घेऊन दारात आला. "नाव नोका लावू. मले बाजारात उद्याही झेंडू विकायचा आहे. आणि आमी काय लेखक आहो? मले लिहिता आलं असतं तर तुमाले कावून बोलावलं असतं? तुमीच लिहा. पण पुण्यात जाऊन नोका लिहू. इथं बसून लिहा."

रस्सा तळाला थोडा लागला होता. अवधूतने मुकाट्याने गूळ घातला. नितीनने त्याच्याकडे बघून एक सुस्कारा टाकला, आणि माझ्या ताटात दोन भाकरी वाढल्या.

मळा

नितीनचा मळा मूर्तिजापूरच्या रस्त्याला आहे. एका तुकड्यात झेंडू, एकात शेवंती, बांधाला निशिगंध, कडेला वांगी-मिरची. विहीरही होती, काठ बांधलेली, पंप बसवलेली. मी तिच्यात डोकावलो नाही.

दुसऱ्या दिवशी मळ्यावर रोडगे होते. आमच्याकडे शेतावर हुरडा असतो तसे इकडे थंडीत रोडगे असतात. पण एक मोठा फरक. स्वयंपाक पुरुष करतात. बाया खाटेवर बसून नावं ठेवतात. गव्हाच्या जाडसर पिठाचे, मुठीएवढे गोळे गोवऱ्यांच्या आरात पुरून भाजतात. शेजारच्या चुलीवर वांग्याची भाजी रटरटत असते, तिचा तिखट वास दोन वावरं लांब जातो.

नितीनची आई खाटेवर बसली होती. बारीक, ताठ, नऊवारीचा पदर कमरेला खोचलेला. तिला सगळे माय म्हणतात.

"तुमीच लिहिलं का ते नाटक?" तिने विचारलं.

"हो."

"काय आहे त्यात?"

मी नितीनकडे पाहिलं. तो गोवऱ्या सारत होता, पाठमोरा. "अजून शेवट लिहायचा आहे," मी म्हणालो.

"मंग लवकर लिहा ना बावा. सारं गाव गाडी करून येऊन राहिलं अमरावतीले."

रोडगे भाजून झाले तेव्हा काळेठिक्कर, राखेने माखलेले निघाले. आता हे खायचे कसे, असा मला प्रश्न पडला. नितीनने जुन्या धोतराचं फडकं अंथरलं, अवधूतने चिमट्याने सगळे रोडगे त्यात टाकले. मग एक टोक नितीनने धरलं आणि दुसरं अवधूतने, आणि त्यांनी ते फडकं झुलवायला सुरुवात केली. एकाने ओढायचं, दुसऱ्याने सैल सोडायचं. गरम रोडगे फडक्यातून गडगडत नितीनकडे जात, मग अवधूतकडे. एकमेकांवर घासून राख उडत होती, उन्हात तिचा धूर दिसत होता. हळूहळू रोडगे तांबूस झाले. दोघं काही बोलत नव्हते. नितीनचं तोंड राखेने पांढरं झालं होतं आणि वकिलाच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर काळे डाग पडले होते. आजूबाजूला भाऊ, भावजया, शेजारी पत्रावळी घेऊन भुकेले बसले होते आणि कुणाचंही त्यांच्याकडे विशेष लक्ष नव्हतं. भर दुपारी, सगळ्यांसमोर.

मी म्हणालो, "मी करून बघू?"

नितीनने टोक माझ्या हातात दिलं. अवधूतने ओढलं तेव्हा मी पण ओढलं. फडकं ताठ झालं आणि रोडगे टणाटणा उडून झेंडूच्या वाफ्यात पडले. एक कुत्र्याने पळवला. हसू इतकं मोठं उठलं की विहिरीवरचे पारवे उडाले.

"ढील द्या, ढील!" माय खाटेवरून म्हणाली. "दोघायनं ओढून नाई होत भाऊ. पहिले हा नितीन माह्या मोठ्यासोबत झटके. दर खेपेले चार-दोन मातीत जायचे. वकील येऊन राहिले तवापासून एकही नाई पडला."

ते तिने रोडग्यांविषयी सांगितलं. निदान तिच्या चेहऱ्यावर दुसरं काही नव्हतं. अवधूत खाली वाकून झेंडूतले रोडगे वेचत होता. त्याचा हात क्षणभर थांबला, मग पुन्हा वेचू लागला.

जेवण मी नीट सांगू शकत नाही, कारण तिखटाने मला पुढचं दिसत नव्हतं. रोडगा कुस्करून त्यावर वरण आणि तूप ओतलं की तोंडाला जरा आधार मिळे. माय माझ्याकडे बघून तूप ओतत राहिली. पुण्यात पाहुण्याला "अजून घ्या" म्हणतात. इथे विचारत नाहीत, पत्रावळीवर पडलेलं असतं.

जेवणानंतर मी नितीनला बाजूला घेतलं आणि सांगितलं, मला शेवट सापडला आहे, पण तो तुमचा आहे. वापरू का?

तो कळल्यासारखा हसला. "वापरा. पण रोडगे मायचे आहेत. तिले विचारा."

मी खाटेपाशी जाऊन विचारलं. नाटकात शेवटी हे झटकणं दाखवलं तर चालेल का?

मायने फडक्याकडे पाहिलं. "दाखवायले काय जाते? पण खरे ठेवजा. कागदाचे नोका ठेवू."

मी बाभळीखाली बसून लिहिलं. नितीन आणि अवधूत दोन बाजूंना बसले. विहीर मी संहितेतून काढली, तेव्हा हाताला वाटला होता तेवढा त्रास झाला नाही. लिहून झालेलं वाचून दाखवलं. दोघं फडकं झुलवतात, एकमेकांच्या डोळ्यांत बघत राहतात, प्रकाश मंद होतो.

"नाई," नितीन म्हणाला.

"काय चुकलं?"

"डोळ्यात पाहत राहिलं तर रोडगा पडते, सर. फडक्याकडे पाहावं लागते."

अवधूत म्हणाला, "आणि प्रकाश मंद कशाला? दुपार आहे."

मी दोन्ही ओळी खोडल्या. खाली सही केली.

अमरावती, पुन्हा

प्रयोगाच्या दिवशी वैशालीने स्पर्धेच्या सभागृहामागच्या पटांगणात राहुलला गोवऱ्या पेटवायला बसवलं होतं. शेवट तिला आधी पटला नव्हता. "यात टाळी कुठे येणार?" ती तालमीत विचारत राहिली. पण माय कागदाचे चालणार नाहीत म्हणाली आहे, हे कळल्यावर ती स्वतः पीठ मळून आली.

राहुलने मला बाजूला नेलं. "सर, एक विचारू? लग्नात माझ्या भावाने मला मिठी मारली तेव्हा मला काही वाटलं नाही. इथे नितीनभाऊंचा हात धरायला घाम कावून फुटते?"

मी म्हणालो, मलाही लिहिताना फुटला होता. ते त्याला पुरेसं वाटलं नाही. त्याने जाऊन नितीनलाच विचारलं. नितीनने त्याच्या हातात फडक्याचं टोक दिलं आणि म्हणाला, "हात नोको धरू. हे धर. बाकी मी पाहतो."

माय पहिल्या रांगेत बसली, गावातल्या बायकांच्या मधोमध. अवधूत नेहमीप्रमाणे मागे, दाराजवळच्या खुर्चीत. मी कडेला उभा होतो, कारण मला बसवत नव्हतं.

एकांकिका पुढे सरकत गेली तशी सभागृहात शांतता वाढली. गोविंदा जोडीदाराला सांगतो की घरच्यांनी मुलगी पाहिली आहे, तिथे मायच्या शेजारची बाई तिच्या कानाशी काहीतरी बोलली. मायने तिला हाताने थांबवलं. तिची नजर रंगमंचावरून हलली नाही. मग शेवट आला. पिवळाधमक उजेड, पत्रावळी घेऊन बसलेली माणसं, आणि मधे ते दोघं. गोवऱ्यांचा वास सभागृहात पसरला. फडकं झुलू लागलं.

राहुलने घाबरून चुकीच्या वेळी ओढलं. एक रोडगा उडाला, रंगमंचावरून गडगडत थेट पुढच्या कडेशी येऊन थांबला. कुणीतरी हसलं. मग सगळे हसले. दोन पुरुषांच्या प्रेमाच्या नाटकात हसू आलं की ते कुठल्या प्रकारचं असतं, ते मी ऐकलेलं आहे.

नितीन थांबला. कडेपर्यंत चालत आला, रोडगा उचलला, फुंकर मारली आणि राहुलकडे बघून, संहितेत नसलेलं, म्हणाला, "ढील दे ना बे! जन्मभर असाच पाडणार हायेस का?"

सभागृह पुन्हा हसलं, आणि यावेळी हसू त्या दोघांच्या बाजूचं होतं. घरात जोडप्याच्या भांडणाला हसतात, तसं. राहुलही हसला, खांदे सैल झाले, फडकं नीट झुलू लागलं. मग दोघं बाकीच्यांच्या पंगतीत शेजारी शेजारी बसले, रोडगा कुस्करला आणि जेवायला लागले. पडदा पडला तेव्हा ते जेवतच होते.

बक्षीस दुसऱ्या संस्थेला मिळालं. परीक्षकांपैकी एकाने मला सांगितलं, मूळ कथेच्या शेवटाला जी उंची होती ती गेली. महिनाभरापूर्वी या वाक्याने माझी झोप उडाली असती. आताही टोचलं, नाही असं नाही. पण मी मान हलवली आणि बाहेर आलो, कारण मला मायला शोधायचं होतं.

ती आवारात गाडीपाशी उभी होती. बायका संत्री सोलत होत्या. नितीन रंग पुसलेल्या, तरी कडेला थोडी राख राहिलेल्या चेहऱ्याने तिच्यासमोर उभा होता, शाळेतल्या पोरासारखा. प्रयोग कसा झाला, हे विचारायचं त्याला धाडस होत नव्हतं. मी बराच मागे थांबलो. अवधूत माझ्याहूनही मागे, विजेच्या खांबापाशी.

"रोडगे बरे भाजले होते," माय म्हणाली.

नितीनने मान हलवली.

"पण त्या पोट्ट्याच्या हाताले ढील समजत नाई. गुणी आहे बिचारा. पण त्याचं काम नोहे ते." तिने इकडे तिकडे पाहिलं, खांबापाशी तिची नजर थांबली, आणि तिथे बोट करून ती नितीनला म्हणाली, "त्याच्या जागी माह्या अवधूतले नेलं असतं वर, तर पडला असता का रोडगा?"

तोवर मी तिच्या तोंडून फक्त 'वकील' ऐकलं होतं. नितीनने आणि अवधूतनेही, त्यांच्या चेहऱ्यांवरून वाटलं, तेवढंच ऐकलं असावं. शेजारच्या बाईने संत्र्याची फोड तोंडात टाकली आणि म्हणाली, "नसता पडला." बाकीच्या बायकांनी त्यात आक्षेप घेण्यासारखं काही पाहिलं नाही.

अवधूत खांबापासून निघून आला.

मायने काखेतलं राखेने भरलेलं धोतराचं फडकं काढलं. रंगमंचावरून तिने ते केव्हा उचलून आणलं, कुणास ठाऊक. "असं मळकं नाई न्यायचं गाडीत," ती म्हणाली. एक टोक तिने नितीनच्या हातात दिलं आणि दुसरं अवधूतच्या. "झटका आधी. मंग घडी करा."

आवारातल्या दिव्याखाली, संत्री खाणाऱ्या बायकांच्या आणि घरी निघालेल्या प्रेक्षकांच्या मधे उभं राहून त्यांनी ते झटकलं. राख उडाली. मी त्या दोघांकडे बघत होतो. ते दोघं फडक्याकडे बघत होते.